कॉटन ग्रीनहून रॉकचा इतिहास शिकताना

१/
हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन स्थानकाच्या पूर्वेला हिरव्या रंगाची एक जुनी, भारदस्त इमारत उभी आहे : कॉटन एक्स्चेंज. तिच्याभोवती पोर्ट ट्रस्टच्या वखारी आहेत आणि पलीकडे शिवडीची खाडी. रॉक संगीताच्या इतिहासाशी या परिसराचा संबंध असेल, असे कोणाला सहसा वाटणार नाही. तो संबंध कापसाचा आहे आणि बराच जुना आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/
प्रारंभ एका अभ्यासक्रमापासून करू. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाचे संगीतशास्त्राचे प्राध्यापक जॉन कोव्हाच यांनी २०१३ साली 'कोर्सेरा' या मंचावर रॉकच्या इतिहासाचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला. त्याचे दोन भाग आहेत. पहिला विसाव्या शतकाच्या आरंभापासून साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत येतो. दुसरा तेथून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. छोटी छोटी व्याख्याने पाहायची आणि टप्प्याटप्प्याने प्रश्नमंजूषा सोडवायची, अशी त्याची रीत. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून, कोणत्याही वयात, कोणत्याही पात्रतेविना प्रवेश मिळतो.

३/
गिरणगावाला ही कल्पना मुळीच अनोळखी नाही. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने याच पट्ट्यात रात्रशाळा चालवल्या. पाळी संपवून आलेला कामगार कंदिलाच्या, पुढे विजेच्या दिव्याखाली अक्षरे गिरवीत असे. गिरणीकामगाराने सांभाळलेल्या एका अनाथ मुलाने, नारायण सुर्वे यांनी, १९६६ साली आपल्या कवितासंग्रहाला 'माझे विद्यापीठ' हे नाव दिले, तेव्हा त्या नावाचा अर्थ या भागात कोणाला समजावून सांगावा लागला नाही. दिवसाचे काम आटोपून रात्री शिकणारी माणसे येथे तीन पिढ्या राहत आली आहेत. आज तीच रात्र, तीच दहा बाय दहाची खोली; समोर फळ्याच्या जागी भ्रमणध्वनीचा पडदा आणि कानात एल्विस.

४/
कोव्हाच यांची मांडणी स्वच्छ आहे. १९५५ च्या आसपास अमेरिकेत तीन प्रवाह एकत्र आले : गोऱ्या मध्यमवर्गाचे मुख्य प्रवाहातील 'पॉप', ग्रामीण गोऱ्यांचे 'कंट्री अँड वेस्टर्न' आणि कृष्णवर्णीयांचे 'रिदम अँड ब्लूज'. त्या संगमातून रॉक अँड रोल जन्मला. संगमापूर्वीच्या जगालाही अभ्यासक्रमात जागा आहे. मात्र तिसऱ्या प्रवाहाच्या उगमाकडे वर वर चढत गेले की पायाखाली एकच पीक लागते. ते पीक कापूस.

५/
आता मुंबईकडे. 'कॉटन ग्रीन' हे मूळचे शिवडीच्या जागेचे नाव नाही. कंपनी सरकारच्या काळात किल्ल्यात, टाउन हॉलसमोरच्या मैदानावर (आजचे हॉर्निमन सर्कल) कापसाच्या गासड्यांचे डोंगर रचलेले असत. त्यांची घाण, गर्दी आणि आगीची भीती नकोशी होऊन १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला हलवला गेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात पोर्ट ट्रस्टने शिवडी-माझगावच्या खाजणात भर घातली आणि बाजार दुसऱ्यांदा उठून येथे आला. जागा बदलली तरी नाव सोबत आले. मुंबईत गावे आपली नावे सोडतात. येथे नावच गाव बदलत फिरले.

६/
१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडच्या लँकेशायरमधील गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस याच बंदरांतून जात असे आणि तो गुलामांच्या हातांनी वेचलेला होता. गिरण्या बंद पडल्या, लाखो विणकर उपाशी राहू लागले. लिव्हरपूलच्या दलालांनी पर्याय म्हणून पूर्वेकडे पाहिले. पूर्वेकडे मुंबई होती.

७/
पुढची चार वर्षे मुंबईच्या इतिहासात दंतकथेसारखी सांगितली जातात. कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. गाद्या-उशा उसवून आतला कापूस विकल्याच्या हकिकती प्रसिद्ध आहेत. प्रेमचंद रायचंद हे या लाटेचे अनभिषिक्त राजे. आलेला पैसा समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांत ओतला गेला. बॅक बे कंपनीच्या भागांचे भाव ऐकून शहाणी माणसेही वेडी झाली. १८६५ च्या एप्रिलमध्ये सेनापती ली शरण आला, त्याची वार्ता पोहोचली आणि फुगा फुटला. जुलैच्या पहिल्या तारखेला व्यवहार पुरे करायचे होते, तेव्हा नादारांची रांग लागली. राजाबाई टॉवर हा त्या पैशातला उरलेला भाग. प्रेमचंद यांनी तो आईच्या नावे दिला होता.

८/
पण हा कापूस मुंबईत पिकत नव्हता. तो गुजरातेतून आणि वऱ्हाडातून येत होता. वऱ्हाडात रेल्वे पोहोचली ती मुख्यतः गासड्या उचलण्यासाठी. खामगावचा फाटा १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला, त्यामागचे प्रयोजन लपलेले नव्हते. ज्वारीच्या जागी कापूस आला, शेतकरी लिव्हरपूलच्या भावाला बांधला गेला आणि भाव पडल्यावर सावकाराला. वऱ्हाडच्या शेतकऱ्याने मिसिसिपीचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. तरी तेथील युद्ध केव्हा थांबले, यावर त्याच्या घरातील धान्याचा हिशेब ठरत होता.

९/
इंग्लंडमध्ये या आपल्या कापसाचे स्वागत कसे झाले, तेही पाहण्यासारखे आहे. तेथे साऱ्या पश्चिम भारतीय कापसाला 'सुरत' म्हणत. त्याचा धागा आखूड, त्यात कचरा फार, यंत्रावर तो सारखा तुटायचा. आणि विणकराची मजुरी नगावर असल्याने प्रत्येक तुटीला त्याचा पैसा बुडायचा. लँकेशायरच्या बोलीत सॅम्युएल लेकॉक या कवीने सुरत कापसाच्या विणकराचे गाऱ्हाणे गीतरूपाने लिहिले. चर्चमध्ये कापसासाठी प्रार्थना चालू असता मागून कोणी तरी 'पण देवा, सुरतेचा नको' असे ओरडल्याची आख्यायिका अजून सांगतात. लँकेशायरच्या लोकगीतांत आपला कापूस अमर झाला तो शिवीच्या रूपाने.

१०/
युद्ध संपले, गुलामगिरी कायद्याने गेली. मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधील काळ्या गाळाच्या सपाट प्रदेशात, ज्याला 'डेल्टा' म्हणतात, कापूस मात्र राहिला. मुक्त झालेल्या माणसांना जमीन मिळाली नाही. ते बटाईने शेती करू लागले. बियाणे, खेचर, पीठ, कापड सारे मळेवाल्याच्या दुकानातून उधार. हंगामाअखेर हिशेब मालकाच्या वहीत. आणि वहीप्रमाणे कुळाकडेच बाकी निघालेली. वऱ्हाडातील खातेवही आणि डेल्टातील खातेवही वेगवेगळ्या लिपीत लिहिली जात होती, इतकेच.

११/
या मळ्यांवर ब्लूज आकाराला आले. १८९५ साली विल डॉकरी याने वसवलेल्या मळ्याचा अभ्यासक्रमांत आणि ग्रंथांत वारंवार उल्लेख येतो, कारण चार्ली पॅटन तेथे राहिला आणि त्याच्याकडून पुढची पिढी शिकली. रचना साधी : एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीने उत्तर द्यायचे. त्यामागे शेतातील श्रमगीतांची जुनी सवय होती. एकाने हाक द्यायची, इतरांनी साद द्यायची. पोवाड्यात शाहिराच्या मागे झील धरणारे झीलकरी ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना ही घडण परकी वाटणार नाही. अर्थात साम्य म्हणजे नाते नव्हे. दोन्हींचा परस्परांशी काही संबंध नाही, आणि तो जोडण्याचा मोह आवरलेला बरा. अनेक माणसे मिळून काम करतात तेथे गाणे या वळणाने जाते, एवढेच म्हणता येईल.

१२/
१९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसतर्फे अॅलन लोमॅक्स हा संग्राहक ध्वनिमुद्रणाचे यंत्र मोटारीत घालून स्टोव्हॉल मळ्यावर आला. सोबत फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठातील अभ्यासक होते. तेथे मकिन्ली मॉर्गनफील्ड नावाचा एक तरुण ट्रॅक्टर चालवी आणि शनिवारी रात्री गाई. लोक त्याला मडी वॉटर्स म्हणत. स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकल्यावर आपणही गायक आहोत अशी खात्री पटली, असे तो पुढे सांगत असे. १९४३ मध्ये तो आगगाडीने शिकागोला गेला.

१३/
त्याच्या मागोमाग सारा डेल्टाच निघाला. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर कापूस वेचण्याच्या यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. एक यंत्र सुमारे पन्नास माणसांचे काम करी. वर्णद्वेषाने त्रासलेली माणसे आधीपासून उत्तरेकडे जातच होती. आता मळ्यांना त्यांची गरजही उरली नाही. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिण सोडली. शिकागोच्या गुत्त्यांतील गलबल्यात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून मडी वॉटर्सने विजेची गिटार घेतली. रॉकचा आवाज ज्याला म्हणतात तो तेथून सुरू होतो. गावाकडचे गाणे, शहरातला गोंगाट आणि त्याला पुरून उरण्यासाठी वीज.

१४/
१९५० साली चेस कंपनीने मडी वॉटर्सची 'रोलिन स्टोन' ही तबकडी काढली. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनजवळच्या डार्टफर्ड स्थानकावर कीथ रिचर्ड्सला मिक जॅगर भेटला, तो काखेत चेसच्या तबकड्या घेऊन. पुढल्या वर्षी त्यांच्या मंडळींनी स्वतःला त्या गाण्याचे नाव घेतले. या टप्प्यावर अभ्यासक्रम 'ब्रिटिश आक्रमण' या प्रकरणात शिरतो आणि लिव्हरपूलला येतो.

१५/
लिव्हरपूल म्हणजे पुन्हा कापूस. पॉल मकार्टनीचे वडील जिम मकार्टनी चौदाव्या वर्षी हॅने नावाच्या कापूस दलालांच्या पेढीत नमुने पोहोचवणारा पोऱ्या म्हणून लागले आणि पुढे कापसाचे विक्रेते झाले. दुसऱ्या महायुद्धात लिव्हरपूलचा कापूस बाजार सरकारने बंद केला, तेव्हा त्यांना कारखान्यात काम धरावे लागले. युद्धानंतर ते पेढीवर परतले, पण धंद्यातला जीव गेलेला होता. विशीत त्यांनी 'जिम मॅक्स जॅझ बँड' चालवला होता. घरात पियानो होता आणि तो ज्या दुकानातून घेतला ते दुकान एपस्टाइन कुटुंबाचे. त्या घरचा मुलगा ब्रायन पुढे बीटल्सचा व्यवस्थापक झाला. कापसाच्या पगारावर आलेल्या त्या पियानोवर पॉलने सूर लावायला शिकले. बीटल्सवरील पुस्तकांत ही माहिती घरगुती तपशील म्हणून येते. तिला याहून मोठी जागा मिळायला हवी.

१६/
तेव्हा नकाशा असा दिसतो : एका टोकाला मिसिसिपी, मध्ये लिव्हरपूल, दुसऱ्या टोकाला मुंबई. तारेने भाव इकडून तिकडे जात. साठच्या दशकाच्या आरंभापर्यंत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते आणि बंद भाव मुंबईत येत आणि त्यांच्या शेवटच्या अंकांवर गिरणगावात 'आकडा' लावला जाई. ते भाव यायचे थांबल्यावर धंदेवाल्यांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली, तोच मटका. अमेरिकेतील कापूस लालबागच्या चाळीत रोज संध्याकाळी येत होता. त्या कापसाबरोबर वाढलेले गाणे मात्र त्या तारेवरून आले नाही.

१७/
गिरणगावाला बाहेरून गाणे यावे अशी निकडही नव्हती. कोकणातून बोटीने भाऊच्या धक्क्यावर आणि सातारा, सांगली, कोल्हापूरकडून गाडीने दादरला उतरलेली माणसे आपापली गाणी घेऊन आली होती. भजनी मंडळे, शक्ती-तुऱ्याचे सामने, बाल्या नाच, लालबागच्या हनुमान थिएटरातला तमाशा, परळच्या दामोदर हॉलमधील कामगार रंगभूमी. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-पंधरा गडी, जेवण खाणावळवालीकडे, बायको-मुले गावाला. शिकागोच्या दक्षिण भागातील भाड्याच्या खोल्यांचे वर्णन वाचताना या खोल्या आठवल्यावाचून राहत नाहीत.

१८/
अण्णा भाऊ साठे त्या माणसांपैकी एक. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावात, मातंग समाजात जन्म, शाळा नावापुरती, दुष्काळात कुटुंब पायी चालत मुंबईला आले. हमाली केली, गिरणीत काम केले, सिनेमाची भित्तिपत्रके आणि दुकानांच्या पाट्या यांवरून अक्षरे लावली. १९४४ साली त्यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक काढले. तमाशाच्या चौकटीतून गण-गवळण बदलून, बतावणीत गिरणीमालक आणि सावकार आणून त्यांनी जे उभे केले, त्याला पुढे लोकनाट्य म्हणू लागले. 'माझी मैना गावावर राहिली' ही त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात घरोघर गेली. गावी राहिलेली मैना ही बायकोही आहे आणि महाराष्ट्राबाहेर ठेवलेला मुलूखही.

१९/
शाहीर आणि ब्लूजचा गायक यांत भेदही मोठा आहे आणि तो झाकू नये. ब्लूज बहुधा 'मी' म्हणते : माझे दुःख, माझी बाई, माझी गाडी चुकली. शाहिरी 'आपण' म्हणते. तिच्यासमोर सभा असते, मागे संघटना असते आणि गाणे संपल्यावर करायचे काही काम असते. मळ्यावरच्या कृष्णवर्णीयाला संघटना उभारणे म्हणजे जिवाशी गाठ होती. परळच्या कामगाराला गोळीबार आणि बंदी सोसावी लागली, पण त्याच्याकडे युनियन होती. गाण्याचा पुरुष बदलला त्याचे कारण येथे शोधावे. स्वभावात शोधू नये.

२०/
१९६९ चा उन्हाळा अभ्यासक्रमात कळसासारखा येतो. १५ ते १८ ऑगस्ट या दिवसांत न्यूयॉर्क राज्यातील एका दुभत्या गाईंच्या शेतावर वुडस्टॉकचा महोत्सव झाला. अण्णा भाऊ १८ जुलैला गोरेगावच्या सिद्धार्थनगरात विपन्नावस्थेत वारले. अमर शेख २९ ऑगस्टला मोटार अपघातात गेले. लाखांच्या सभेला ध्वनिक्षेपकाशिवाय आवाज पुरवणारी, अशी ज्यांची ख्याती होती, त्या कलापथकाचे दोन खांब एकाच पावसाळ्यात पडले. जागतिक संगीताच्या कोणत्याही कालपटावर हे तीन दिनांक शेजारी लिहिलेले आढळणार नाहीत.

२१/
त्याचा दोष अभ्यासक्रमाच्या माथी मारणे सोपे आहे. योग्य मात्र नाही. कोव्हाच यांनी रॉकचा इतिहास शिकवण्याचे कबूल केले आणि तो शिकवला. प्रश्न असा की मळ्यावरचे गाणे इतिहास कसे झाले आणि चाळीतले का नाही. मडी वॉटर्सजवळ लोमॅक्सचे यंत्र आले, पुढे चेसची कंपनी आली, नभोवाणी आली, आणि त्याची भाषा इंग्रजी होती. शाहिरी नाक्यावर आणि मैदानावर गायली गेली, चोपड्यांत छापली गेली, सरकारने तिच्यावर बंदीही घातली. बाजाराने तिला हात लावला नाही. बाजाराने मडी वॉटर्सला न्याय दिला असेही नाही, पण निदान तबकडी राहिली.

२२/
आपल्याकडे नोंदी झाल्या, उशिरा झाल्या. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तो उद्योग ऐंशीच्या दशकापासूनचा. गिरणगावातील कामगारांचे मौखिक कथन नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी ग्रंथरूपाने आणले ते २००४ साली. तोवर बहुतेक भोंगे थंड झालेले होते आणि ज्यांनी लाल बावट्याची कला ऐन भरात ऐकली, ते म्हातारे झाले होते.

२३/
मुंबईला रॉक आले ते दुसऱ्या दाराने. इंग्रजी शाळा, जिमखाने, हॉटेलांतील वाद्यवृंद, परदेशातून आणलेल्या तबकड्या. सिगारेट कंपनीने भरवलेली 'सिमला बीट' स्पर्धा षण्मुखानंद सभागृहात रंगे. १९७० आणि १९७१ च्या तिच्या तबकड्या आज संग्राहक जपून ठेवतात. १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेन्डन्स रॉक' होऊ लागला. षण्मुखानंद आणि कॉटन ग्रीन यांत हार्बरच्या गाडीने काही मिनिटांचे अंतर आहे. सामाजिक अंतर त्याहून पुष्कळ.

२४/
एक तबकडी मात्र सारा नकाशा एकत्र आणते. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईत आला आणि त्याने एचएमव्हीच्या स्टुडिओत येथील वादकांकडून ध्वनिमुद्रणे करून घेतली. त्यांपैकी 'द इनर लाइट' ही चीज त्याच वर्षी मार्चमध्ये बीटल्सच्या एका तबकडीच्या मागील बाजूस आली. पुढील बाजूस होते 'लेडी मॅडोना' : लिव्हरपूलच्या कापूस विक्रेत्याच्या मुलाने रचलेले. ती तबकडी उलटली की लिव्हरपूलहून मुंबई येत असे.

२५/
दुसरा भाग सुरू होतो तो सत्तरच्या दशकात आणि ऐंशीत 'एमटीव्ही'पाशी येतो. ती वाहिनी ऑगस्ट १९८१ मध्ये सुरू झाली. साडेपाच महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या होण्याची वाट केली. २००६ मध्ये वरळीला बॉम्बे डाइंगच्या आवारात 'हार्ड रॉक कॅफे' उघडला. २००७ च्या अखेरीस लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 'ब्लू फ्रॉग' हा संगीताचा अड्डा सुरू झाला आणि २०१६ पर्यंत चालला. ज्या छपराखाली साचे आणि चात्या वाजत होत्या, तेथे गिटार वाजू लागली. कापसातून जन्मलेले संगीत अखेर कापसाच्या गिरणीत पोहोचले, पण कामगार निघून गेल्यावर आणि तिकीट लावून.

२६/
गिरणगावाने स्वतःची वीज स्वतःच शोधली होती. १९१२ साली जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता याने टंकयंत्रासारख्या कळा असलेले 'ताइशोगोतो' हे तंतुवाद्य बनवले. ते फिरत फिरत भारतात आले आणि बुलबुलतरंग झाले. लालबाग-परळच्या पोरांनी त्याला पिकअप लावला, अॅम्प्लिफायर जोडला आणि नाव ठेवले बेंजो. अमेरिकन बॅन्जोशी त्याचा काडीचाही संबंध नाही. गणपतीच्या आगमनाला आणि गोविंदाला रस्त्यावरच्या कोलाहलातून तो चिरत जातो; शिकागोत विजेच्या गिटारीने जे केले तेच. जुलैपासून मंडळांच्या तालमी सुरू होतात. कॉटन ग्रीनपासून काळाचौकीकडे चालत गेले तर रात्री नऊनंतर त्या ऐकू येतात, आणि ज्यांनी पहिल्या भागातील विद्युत गिटारीचे व्याख्यान नुकतेच संपवले असेल, त्यांना तारेवरचा तो किंचित फाटलेला सूर लगेच ओळखता येतो.